मधमाशीच्या घराची भिंत

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता जेथे घोडबंदरच्या रस्त्यास मिळतो, तेथे काशीमीरा आहे. एके काळी हे खाडीकाठचे लहानसे खेडे होते. आज ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले नाके आहे. तथापि नाक्यावर उभे राहून दृष्टी जरा वर केली, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अद्यापि दिसतात, आणि त्या डोंगरांच्या उतारांवर कारवी अद्यापि माजते. ही वनस्पती मोठी विलक्षण खरी. सात वर्षे ती नुसती वाढत राहते आणि आठव्या वर्षी सारा डोंगर जांभळ्या फुलांनी भरून टाकून मरून जाते. या रानात २००८ साली ती फुलली, २०१६ साली फुलली आणि त्यानंतरची पाळी २०२४ ची. फुलोऱ्याच्या त्या दिवसांत मधमाशांची जी झुंबड उडते तिच्यापासून कारवीचा दाट मध निपजतो. फुलून मेलेल्या कारवीच्या काठ्यांचे कूड वारली आणि इतर डोंगरकरी आपल्या घरांस घालीत आले. कुडावर माती व शेण लिंपले, की पावसाळ्यातील ओली थंडी आणि वैशाखातले ऊन या दोहोंपासून माणसास पुरेसा आडोसा होतो. म्हणजे एकाच झाडाने माशीस मध दिला आणि माणसास भिंत दिली. माशीच्या स्वतःच्या भिंतीचे काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेख त्या भिंतीचा इतिहास सांगण्यासाठी आहे.

मधमाशांच्या पेटीतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून तीस गोधडी पांघरावी, असे कोकणच्या किनाऱ्यावर कोणी म्हणू लागला तर ऐकणाऱ्यास हसू येईल. जेथे पौषातही घोंगडी काढण्याचा प्रसंग क्वचित, तेथे ऊब राखण्याचे कौतुक ते काय? परंतु या हसण्यामागे एक गैरसमज आहे. उष्णता किती हे आपण आपल्या अंगावरून ठरवितो. माशी ती आपल्या पिलांवरून ठरविते. पोळ्याच्या ज्या भागात अंडी, अळ्या आणि कोष असतात, त्या भागाचे उष्णतामान ती ३४ ते ३५ अंश सेल्सियस इतके ठेविते. त्यात एक-दोन अंशांचे अंतरही तिला खपत नाही. आता मुंबईचे हवामान पाहा. सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी १७ अंशांच्या आसपास असते. भर मे महिन्यातही पहाटेचे तापमान २७ अंशांच्या जवळपास राहते. अर्थात वर्षातील बहुतेक साऱ्या रात्री, पावसाळ्यातील बहुतेक सारे दिवस आणि हिवाळ्यातील सकाळ-संध्याकाळ, काशीमीऱ्याची हवा देखील मधमाशीच्या पाळणाघराहून थंडच असते. आपण घामाने निथळत असतो त्या वेळी ती शेकोटी पेटवून बसलेली असते.

ही शेकोटी कशी पेटते तेही सांगितले पाहिजे. माशीच्या छातीत उडण्याचे बलिष्ठ स्नायू असतात. पंख न हलविता हे स्नायू थरथरविण्याची युक्ती तिला अवगत आहे. आपणांस हुडहुडी भरते तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की आपली हुडहुडी असहायतेची आणि तिची हेतुपुरस्सर. काही कामकरी माशा कोषांच्या झाकणांवर छाती टेकून स्तब्ध बसतात. काही तर मुद्दाम रिकाम्या ठेविलेल्या कोठड्यांत शिरून भोवतालच्या सहा कोषांस एकदम शेक देतात. या सर्व खटाटोपाचे सरपण एकच, आणि ते म्हणजे मध. घरातून जितकी ऊब निसटेल तितका मध जळेल, आणि जितका मध जळेल तितक्या अधिक फेऱ्या फुलांकडे कराव्या लागतील. समशीतोष्ण देशांतील एक वसाहत वर्षाकाठी साठ किलोंच्या आसपास मध स्वतःच खाते असा तेथील शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माणसाच्या वाट्यास येतो तो या खर्चातून उरलेला.

केवळ मधाचीच गोष्ट असती तर तिला व्यापाऱ्याचा हिशेब म्हणून सोडून देता आले असते. परंतु २००३ साली जर्मनीत युर्गेन टाउट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही कोष ३२ अंशांत, काही ३४.५ अंशांत आणि काही ३६ अंशांत वाढविले. दिसण्यात तिन्ही ठिकाणच्या माशा सारख्याच निपजल्या. मात्र थंड कोषांतून आलेल्या माशा शिकण्यात आणि स्मरणात उण्या ठरल्या. फुलांची दिशा इतरांस सांगण्यासाठी माशी जे नृत्य करते, त्यातही त्या मागे पडल्या. पाळण्यातील अडीच अंशांची उणीव जन्मभराच्या बुद्धीस भोवली! घराची भिंत हा म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न नव्हे.

आपल्याकडील माशांमध्ये आग्या उंच फांदीवर अथवा कड्याच्या छपरीखाली उघड्यावर पोळे बांधते, आणि फुलोरी लहानशा झुडपात एकच पोळे टांगते. या दोघींस भिंत नाही; शेकडो माशा एकमेकींस बिलगून पोळ्यावर जो पडदा धरतात तोच त्यांचा आडोसा. सातेरी मात्र गृहस्थीण आहे. झाडाची ढोली, खडकातील भेग, वारुळातील पोकळी, जुन्या भिंतीचे भोक अशी बंद जागा पाहून त्यात ती अनेक समांतर पोळी बांधते. माणसाने हिंदुस्थानात पाळली ती हीच, कारण पेटीत राहण्यास जी मुळातच तयार असेल तिलाच पेटी देता येते. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले असून ते माशांच्या जातींवरून पाडले आहेत. परंतु वैद्यास मधाशी कर्तव्य, माशीच्या घराशी नव्हे. मध्य प्रदेशातील पचमढीच्या आसपास शिलाश्रयांत मध काढणाऱ्यांची जी प्राचीन चित्रे आहेत, त्यांतही शिडी आहे, माणूस आहे, उठलेल्या माशा आहेत, पाळणे नाही. आपल्याकडे मध ही शतकानुशतके बव्हंशी लुटीची वस्तू राहिली, आणि ज्याचे घर लुटावयाचे त्याच्या भिंतीची चौकशी कोण करतो?

ती चौकशी ज्यांनी केली त्यांत रोमन लोकांचा क्रम वरचा लागेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्ला नावाच्या, मूळच्या स्पेनमधील गृहस्थाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा नववा भाग मधमाशांना दिलेला आहे. मधमाशांस घर कशाचे द्यावे या प्रश्नाचे त्याचे उत्तर आजही वाचण्याजोगे आहे. बूचाच्या झाडाची साल सर्वांत उत्तम, कारण ती हिवाळ्यात गारठत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही. ती न मिळेल तर बडीशेपेच्या जातीच्या एका मोठ्या झाडाचे पोकळ दांडे विणून घर करावे. तेही नसेल तर वेताची टोपली किंवा पोखरलेला ओंडका. सर्वांत वाईट भाजलेल्या मातीचे भांडे, कारण ते ग्रीष्मात जळते आणि शिशिरात गोठते. त्याच्याआधी व्हर्जिल कवीनेही आपल्या कृषिकाव्यात पोळ्याचे दार अरुंद ठेवावे असे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे ते थंडीने मध थिजतो व उन्हाने पाझरतो हे. उष्णतामापकाचा शोध लागण्यास अजून दीड हजार वर्षे होती. तरीही जी भिंत थंडीपासून राखते तीच उन्हापासूनही राखते, हे मर्म या लोकांस हाताने चाचपून कळले होते. पुढे ते अनेक सुशिक्षितांच्या ध्यानातून सुटले.

आपल्या देशातही एक प्रांत याला अपवाद होता. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज पशुवैद्य घोड्यांच्या शोधार्थ हिमालय ओलांडून गेला आणि १८२२-२३ च्या सुमारास काश्मिरात राहिला. त्याचे प्रवासवृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८४१ साली प्रसिद्ध झाले. त्यात काश्मिरी शेतकऱ्याच्या घरातील मधमाशांचे वर्णन आहे. घर बांधतानाच जाड भिंतीत आडव्या नळ्यांसारख्या पोकळ्या सोडीत आणि त्या आतून भुसा मिसळलेल्या मातीने लिंपीत. बाहेरच्या बाजूस माशांपुरते छिद्र असे. आतल्या, म्हणजे माणसाच्या खोलीकडील बाजूस मातीची तबकडी बसवीत. मध काढावयाचा झाला की खोलीत बसूनच तबकडी काढावी, पेटत्या गवताचा धूर फुंकावा आणि माशा बाहेरच्या दाराने सरल्या म्हणजे पोळ्याचा काही भाग कापून घ्यावा. माशा मरत नसत आणि पुन्हा परतून येत. त्याच काळी युरोपात पुष्कळ ठिकाणी मध काढताना गंधकाच्या धुराने सबंध वसाहत मारून टाकीत असत, हे लक्षात घेतले म्हणजे सुधारलेला कोण, याविषयी थोडा विचार पडतो. मला या काश्मिरी भिंतीतील जास्त मोलाची गोष्ट निराळीच वाटते. माणसाच्या चुलीची ऊब आणि माशीच्या पिलांची ऊब यांच्यामध्ये तेथे एका तबकडीचेच अंतर होते. एकच भिंत दोन कुटुंबांस पुरत होती.

यानंतर जे घडले त्यास मधुमक्षिकापालनाच्या इतिहासात क्रांती म्हणतात, आणि ती क्रांती होती यात संशय नाही. फिलाडेल्फियातील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकास १८५१ साली असे ध्यानात आले, की पोळ्याच्या चौकटीभोवती सुमारे तीन अष्टमांश इंच जागा मोकळी राखली तर माशा ती मेणाने किंवा डिंकाने बुजवीत नाहीत. येण्याजाण्याची वाट म्हणून तशीच ठेवतात. १८५२ साली त्याने हलत्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. पोळे न मोडता उचलावे, पाहावे, मध फिरवून काढावा आणि रिकामे पोळे माशांस परत द्यावे, हे सारे या एका शोधामुळे शक्य झाले. आज जगभर वापरात असलेल्या पेट्या बहुतांशी याच वंशातील आहेत. पण या क्रांतीत एक वस्तू गमावली. ढोलीची भिंत कित्येक इंच जाड असते. पेटीची फळी जेमतेम इंचाची. पूर्वीच्या गवती टोपलीची भिंतही ऊब राखण्यात या फळीहून सरस होती. चौकट माणसाच्या हातास सोयीची झाली, फळी सुताराच्या रंध्यास सोयीची झाली, आणि माशीस कोणी विचारले नाही.

थंड देशांत याचे परिणाम लवकरच दिसले. हिवाळ्यात वसाहती मरू लागल्या, तेव्हा अमेरिकेत कोणी पेट्या तळघरात नेऊन ठेवल्या, कोणी दुहेरी भिंतींत भुसा भरला. इंग्लंडात विल्यम ब्रॉटन कार याने १८९० साली दुहेरी भिंतीची पेटी काढली. बागेच्या चित्रांत जी पायऱ्यापायऱ्यांची पांढरी पेटी दिसते ती हीच. १९१४ साली अमेरिकन कृषिखात्यातील फिलिप्स आणि डेमुथ यांनी हिवाळ्यातील वसाहतीच्या उष्णतामानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. भोवतालची हवा सुमारे १४ अंशांखाली गेली, की माशा एकत्र दाटून गोळा करतात आणि तो आतून तापवितात, असे त्यात दाखविले होते. यावरून पेट्यांभोवती भुशाची जाड वेष्टणे घालण्याचा प्रघात पडला. पण पुढच्या पिढीने तो बराचसा मोडला. माशा पेटी तापवीत नाहीत, केवळ आपला गोळा तापवितात. सशक्त वसाहत, भरपूर मध आणि वाऱ्यापासून आडोसा एवढे असले म्हणजे बाकीचे व्यर्थ, असे मत रूढ झाले. मजुरी आणि साहित्य यांचा खर्च वाचत असल्याने हे मत लोकांस पटण्यास फारसा वेळ लागला नाही.

या मताला अलीकडे इंग्लंडातील डेरेक मिचेल या अभियंत्याने धक्का दिला. त्याने जाड ढोलीसारखी घरे आणि प्रचारातील लाकडी पेट्या यांतून उष्णता किती निसटते ते मोजले. २०१६ साली मासिकरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात लाकडी पेटीतून ढोलीच्या चौपट ते सातपट उष्णता बाहेर जाते असे दिसून आले. २०२३ साली त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. हिवाळ्यातील तो गोळा, ज्यास आजवर माशांची गोधडी समजत आलो, ती सुखाची स्थिती नसून गारठ्याने ओढवलेली आपत्ती आहे, असे त्याचे म्हणणे. या दुसऱ्या मुद्द्यावर वाद आहे व तो चालू राहील. पहिला मुद्दा मात्र मोजमापाचा आहे, आणि कोलुमेल्लास तो ऐकून नवल वाटले नसते.

हिंदुस्थानात नवी पेटी आली ती या साऱ्या वादापासून दूर. १८८० नंतरच्या दशकात बंगालमध्ये डग्लस या टपाल-तारखात्यातील अधिकाऱ्याने माशा पाळण्याचे प्रयत्न केले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. त्याहून फलद्रूप झाले ते त्रिचनापल्लीच्या फादर न्यूटन यांचे काम. सातेरी ही युरोपीय माशीहून अंगाने लहान, तिची वसाहतही लहान; तिच्या मापाची पेटी त्यांनी १९११ च्या सुमारास बेतली आणि पुढील काही वर्षे खेड्यापाड्यांतील लोकांस ती वापरण्यास शिकविले. ही न्यूटन पेटी दक्षिणेत पसरली. १९२८ साली शेतकी कमिशनने या धंद्याची शिफारस केली. १९३४ साली वर्ध्यास गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला, तेव्हा मगनवाडीत कागद, घाणी यांजबरोबर मधुमक्षिकापालनही आले. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे पातळ फळीचा जाच थंडीत नव्हे, वैशाखात होतो. अशा वेळी माशा पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने इटलीत तापलेल्या लाव्हाच्या पठारावर वसाहत ठेवून पाहिले, तर बाहेर ७० अंशांच्या आसपास असता आत ३५! पण त्यासाठी जवळ पाणी हवे, आणि पाणी वाहणाऱ्या माशा मध वाहू शकत नाहीत.

महाराष्ट्रात हा धंदा खरा रुजला तो महाबळेश्वरास. १९४६ साली मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात वैकुंठभाई मेहता होते आणि ग्रामोद्योगांस राजाश्रय मिळण्याचा तो काळ होता. त्या काळापासून महाबळेश्वरच्या रानात सातेरीच्या पेट्या मांडल्या गेल्या. आज राज्याचे मध संचालनालय तेथेच आहे, आणि तालुक्यातील मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. संशोधनाचे केंद्र पुण्यास निघाले: १ नोव्हेंबर १९६२ रोजी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तेथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापिली. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि पाळी आली म्हणजे कारवी, अशी फुलांची श्रीमंती महाबळेश्वराएवढी क्वचित कोठे असेल.

पण महाबळेश्वर हेच भिंतीच्या परीक्षेचेही स्थान होय. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांहून अधिक उंची, हिवाळ्यात हाडात शिरणारी थंडी, आणि पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक वर्षाव. आषाढ-श्रावणात फुले नाहीत, बाहेर पडण्यास उघडीप नाही, हवा गार आणि ओलीचिंब. माशांस साखरेचा पाक देऊन जगवावे लागते. या पाकाचा केवढा तरी भाग पातळ फळीतून निसटणाऱ्या उबेची भरपाई करण्यात जळतो. शिवाय सातेरीची वसाहत लहान. लहान देहास बाहेरचा पृष्ठभाग प्रमाणाने अधिक, म्हणून त्याची ऊबही लवकर जाते, हे तान्ह्या मुलाच्या आईस सांगावे लागत नाही. आणि सातेरीचा एक स्वभाव पाळणाऱ्यास फार जाचतो: घर सोसेनासे झाले की ती राणीसह सारी वसाहत घेऊन निघून जाते. भूक, मुंग्या, मेणपतंग, ऊन, ओल यांपैकी काहीही निमित्त पुरते. सकाळी पेटी उघडावी तर आत रिकामी पोळी. ज्याने बँकेचे कर्ज काढून दहा पेट्या घेतल्या आहेत त्याच्या दृष्टीने हे भिंत खचण्यासारखेच आहे. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानात पिलांच्या एका विषाणुरोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती बुडाल्या, तेव्हा पुष्कळांनी तिला कायमचा रामराम ठोकून मेलिफेरा ही परदेशी माशी धरली. ही माशी पंजाब-हिमाचलच्या बाजूस नगरोटा येथे १९६० नंतर स्थिरावली होती. ती अधिक मध देते हे खरे. पण सह्याद्रीच्या पावसात राहण्याची सवय सातेरीच्या रक्तातील आहे, आणि तिला टाकण्यापूर्वी तिच्या घराकडे एकदा पाहावयास हवे होते असे मला वाटते.

मग करावे काय? बूच आपल्याकडे नाही. पेंढा आहे, गवत आहे, भाताचा कोंडा आहे, आणि ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांत कारवी आहे. दुहेरी फळीत कोंडा भरणे अथवा पेटीच्या झाकणावर पेंढ्याची गादी ठेवणे यात अवघड काहीच नाही. त्यांतही झाकणाचे महत्त्व अधिक, कारण तापलेली हवा वर चढते आणि छत गार असेल तर त्याला दव धरून ते थेंब खाली पिलांवर पडतात. मात्र कोकणात या उपायास त्याच्या अडचणीही आहेत, आणि कोणी उत्साहाच्या भरात त्या विसरू नये. ओला पेंढा कुजतो, आणि ओला झाल्यावर ऊब राखीत नाही. कोरड्या कोंड्यात मुंग्या आणि झुरळे घर करतात. मेणपतंगास जाड भिंतीच्या फटी आवडतात. पेटी जड झाली तर डोंगरावर डोक्यावरून नेणारी बाई ती नेणार कशी? वारल्यांच्या कुडास दर वर्षी नवे लिंपण लागते आणि ते घरातल्या बायका करतात. पेटीच्या कुडास ते कोणी करावयाचे, हे ठरविल्याखेरीज त्याची शिफारस करणे म्हणजे दुसऱ्याच्या हातांवर काम टाकणे आहे. कुडाची पेटी करावयाची तर तिला छप्पर कुडाहून एक वीत पुढे आलेले हवे, पायांस पाण्याच्या वाट्या हव्यात, आणि काठी तोडावयाची ती फुलून वाळलेल्या कारवीची. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील काठीस हात लावता येत नाही. हद्दीबाहेरच्या डोंगरांत ती मिळते, परंतु तिची पुढची पाळी आता २०३२ च्या सुमारास यावयाची.